मंगोलांचा वेढा आणि आईचे टोमॅटो

आमच्या घरात मंगोल आले ते दादांच्या डब्याच्या पिशवीतून. दादा म्हणजे माझे वडील. वालचंदनगरच्या कारखान्यात ते फिटर होते आणि अंथुर्ण्याहून रोज सायकलवर जायचे. एका संध्याकाळी रिकाम्या डब्याखालून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं गळालेली, मधल्या पानांना वाळवीनं भोकं पाडलेली. कॉलनीतल्या वाचनालयानं रद्दीत काढलेल्या गठ्ठ्यातून त्यांनी ते उचललं होतं, का तर त्यात घोड्याच्या खोगिराचं एक चित्र होतं आणि प्रत्येक भागाला बाण काढून नाव दिलेलं होतं, मशीनच्या पुस्तकात असतं तसं. चित्रातल्या बाणांचं दादांना वेडच होतं. आईनं विचारलं, "कसलं हाय?" दादा म्हणाले, "लढायांचं. मंगोल म्हणून लोक व्हते." आई म्हणाली, "मोगल?" "मोगल न्हवं गं, मंगोल. ह्ये त्येंच्या लई आधीचं, आन लई वरलं." "वरलं म्हंजी कुठलं?" दादांनी हात उंच करून उत्तर दिशा दाखवली. ती नेमकी आमच्या गोठ्याकडं होती. आईनं तिकडं पाहिलं आणि म्हणाली, "मंग जाता जाता म्हशीला पेंड घालून या."

मी तेव्हा अकरावीला होते, एसटीनं बारामतीला कॉलेजात जायचे. माझं इंग्रजी गाईडमधलं आणि दादांचं मशीनच्या पुस्तकांमधलं. दोघांचं मिळूनसुद्धा ते पुस्तक एका बैठकीला दोन पानांच्या पुढं सरकायचं नाही. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली, त्यामुळं सांजवेळी घरात बुद्धवंदना व्हायची. ती झाली, उदबत्ती विझत आली की दादा तिथंच मांडी न मोडता पुस्तक उघडायचे. मी शब्दकोश धरायची. आई चुलीपुढं भाकरी थापायची आणि तिकडूनच आमच्यावर लक्ष ठेवायची. पहिल्याच आठवड्यात एका शहराचा पाडाव आला. दादा रंगून वाचायला लागले तशी आई थापता थापता थांबली. "आत्ता पाणातिपाता म्हनालात न्हवं, जीव मारनार न्हाय म्हून? तोंडातला शबूद वाळला न्हाय तवर ह्ये?" दादा म्हणाले, "आपुन कुठं मारतूय? त्येंनी कसं मारलं ती निस्तं बघतूय." आईनं परातीत पीठ जरा जोरातच आपटलं. आमची वाचनं ही अशी चालायची, एका बाजूला खानाचं लाखभर घोडदळ आणि दुसऱ्या बाजूला तव्यावर फुगणारी भाकरी, आणि मध्ये बसलेली मी आनंदानं नुसती उसळत असायची.

काय नव्हतं त्या पुस्तकात! मला ती दहाची मांडणी पहिल्यांदा कळली तो दिवस अजून आठवतो. दहा स्वारांची एक तुकडी, अशा दहा तुकड्या मिळून शंभर, दहा शतकं मिळून हजार, आणि दहा हजारांचं एक दळ. सेनापतीला फक्त दहा माणसांशी बोलावं लागायचं. त्या दहांनी आपापल्या दहांना सांगायचं. हुकूम दहा हजारांपर्यंत पोचायला मध्ये तीनच माणसं लागायची. शिवाय टोळ्या मोडून, जातकुळी न बघता माणसं मिसळून या तुकड्या बांधलेल्या. हे वाचल्यावर दादा म्हणाले, "जातकुळी न बघता. इकडं आला असता तर आमच्यातल्या एखाद्याला बी हजाराचा म्होरक्या केला असता त्येनं." आई म्हणाली, "आन हितं येऊन गाव जाळलं असतं ती?" त्यावर दादांनी पान उलटलं.

दादांचं सगळं लक्ष मात्र रिकिबीवर. रिकीब म्हणजे घोडेस्वार पाय अडकवतो ते कडं. दादांच्या मते जग जिंकलं ते त्या कड्यानं. "घोडा म्हंजी निस्तं इंजान," ते मला समजावायचे, "माणूस म्हंजी हत्यार. पर दोघांला जोडनार काय? रिकीब. कपलिंग हाय ती! पाय घट असल्याबिगर मागं वळून बान सोडताच येनार न्हाय." मग ते उभे राहायचे, गुडघे वाकवून घोड्यावर बसल्यासारखे व्हायचे, कंबरेतून मागं वळून बाण सोडायचे. धनुष्याचंही त्यांना तेवढंच कौतुक. लाकूड, शिंग आणि जनावराच्या स्नायूंचे धागे असे थर सरसानं चिकटवून केलेलं ते आखूड धनुष्य, ताण सुटला की उलट्या बाजूला वळणारं. कारखान्यातल्या कुठल्या तरी पट्ट्यांशी त्याची तुलना करत दादा मला पाऊण तास बसवून ठेवायचे.

आणि चिंचोके! आमच्या घरात चिंचोक्यांची दोन गाठोडी होती, खळीसाठी जपून ठेवलेली. त्यातलं एक आम्ही युद्धावर काढलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर खडूनं नदी काढायची, डोंगराला उलटी वाटी ठेवायची आणि चिंचोके मांडायचे. एक चिंचोका म्हणजे शंभर स्वार. माझे मंगोल नेहमी कमी असायचे, दादांचं सैन्य जास्त. मी थोडे चिंचोके पुढं पाठवायची, झटापट करायची आणि पळ काढायची. दादांना माहीत असायचं की ही खोटी माघार आहे. पुस्तक त्यांनीच तर वाचून दाखवलं होतं! तरी पळणारे चिंचोके दिसले की त्यांना राहवायचं नाही. ते पाठलागाला निघायचे, त्यांची रांग लांब लांब व्हायची, आणि वाटीच्या आडून माझे राखीव स्वार दोन्ही बगलांनी आत. "आरं तिच्या!" असं ओरडून दादा मांडीवर हात मारायचे. आज वाटतं, ते मुद्दाम हरत असतील. पण तेव्हा मला तसा संशय एकदाही आला नाही आणि त्यांनीही तो येऊ दिला नाही.

एकदा दादांनी मंगोलांचं खाणंही करून बघायचं ठरवलं. पुस्तकात होतं की हे स्वार दूध आटवून, उन्हात वाळवून त्याची भुकटी बरोबर ठेवायचे. सकाळी कातड्याच्या पिशवीत पाण्याबरोबर घालायची आणि घोडा दौडवायचा, दुपारपर्यंत हिंदकळून पेय तयार. आईच्या मिनतवाऱ्या करून दादांनी दुधाऐवजी दही पत्र्यावर वाळवलं. चार दिवसांत त्याची खडी झाली. ती कुटून पाण्यात कालवली, जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात भरली आणि सायकलच्या दांड्याला लटकवून दादा पहिल्या पाळीला निघाले. अंथुर्ण्याचा रस्ता हिंदकळायला कुठल्याही घोड्याला भारी. कारखान्याच्या गेटवर ट्यूबची गाठ सुटली आणि भोंगा वाजत असताना आंबटढाण मंगोल पेय दादांच्या शर्टावर, पँटवर आणि शेजारून जाणाऱ्या हेडफिटरच्या बुटांवर उडालं. पुढं महिनाभर पाळीवरचे लोक त्यांना 'खानसाहेब' म्हणत होते. दादांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट घरी येऊन ते ही हकीकत स्वतःच सांगत हसत होते. आईनं शर्ट तीन वेळा धुतला, तरी वास गेला नाही.

आईबद्दल एक सांगायला हवं. मंगोलांच्या प्रेमात सगळं घर नव्हतं. एकदा एका मोठ्या शहराच्या वेढ्याचं वर्णन आम्ही दोन संध्याकाळी पुरवून पुरवून वाचलं, दगड फेकणारी यंत्रं, खंदक भरणं, सगळं. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "त्या गावातल्या बायांचं काय जालं, ती लिवलंय का?" मी पान शोधलं. एक ओळ होती. मी ती वाचून दाखवली. आई जेवायला वाढायला लागली. सोळाव्या वर्षी मला ती ओळ म्हणजे दोन डावांच्या मधली मोकळी जागा वाटली होती. आता पन्नाशी कधीच मागं पडली, आणि आता तो वेढा आठवला की मला आधी ती ओळच दिसते, यंत्रं नंतर.

आईचा जीव तेव्हा टोमॅटोत होता. आमच्या रानात कॅनॉलचं पाणी येऊन दुसरंच वर्ष चाललं होतं. त्याआधी आई जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेलेली. स्वतःच्या वीस गुंठ्यांत तिनं त्या साली टोमॅटो लावले. रोपं तिनं वाढवली, काठ्या तिनं रोवल्या, तारा ओढायला तेवढी दादांना हाक मारली आणि एकेक झाड सुतळीनं तारेला तिनंच बांधलं. भल्या पहाटे उठून ती पानं उलटी करून अळ्या वेचायची. शिमगा होऊन गेला आणि फळं रंगावर आली. पहिला तोडा त्या आठवड्यात करायचा होता आणि माल बारामतीच्या बाजाराला जायचा होता. लाकडी खोकी आणून बांधावर रचून ठेवलेली होती. त्या खोक्यांवर आपलं नाव टाकायचं असतं, तर आईनं दादांना सांगून त्यावर स्वतःचं नाव घालून घेतलं होतं. दादांचं किंवा आमच्या आडनावाचं नाही. काळ्या रंगात, एकेका खोक्यावर, 'शांताबाई'.

त्याच आठवड्यात आमच्या पड रानात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट त्यांचं फिरतं बिऱ्हाड, उतरला. मेंढरं रानात बसवली की लेंड्यामुतानं जमीन धरते, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घेतात. दादांनीच बोलावलं होतं. तीनशे मेंढरं, चार बुटकी तट्टं, तट्टांवर लादलेला सगळा संसार, भांडी, कोंबड्या, वर बांधलेलं लेकरू. दादांनी ते पाहिलं आणि सायकल तिथंच टाकून पळत घरात येऊन पुस्तक घेऊन गेले. वाड्याची कारभारीण ठकुबाई म्हणून होती, उन्हानं रापलेली, आवाज असा की एका हाकेत पाटापलीकडचं मेंढरू मान वर करायचं. दादांनी तिला मंगोलांच्या तळाचं चित्र दाखवलं. तिनं नीट निरखलं. "आमच्यातलीच हायती की. घोडी बी बारकीच हायती. पर ह्यांच्या राहुट्या बऱ्या हायती बया." मग दादांनी तिला तो प्रश्न विचारला जो आम्हा दोघांना दोन महिने छळत होता. एका स्वाराजवळ चार-चार घोडी, तर एवढ्या घोड्यांना वैरण कुठून आणायचे? आम्ही बागायतातली माणसं. जनावर म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं कडब्याची गंज आणि उसाचं वाढं. आम्ही दोघांनी वहीत पेंढ्यांचा हिशेब मांडला होता आणि तो इतका अफाट निघाला होता की खान वेडा असावा असं आम्ही ठरवत आणलं होतं. "तुमी वैरण बरूबर न्हेता का?" दादांनी विचारलं. ठकुबाई हसत सुटली. "वैरण न्ह्यायची तर हिंडायचं कशाला? गवात हाय तितं आमी. माणसं आधी म्होरं जाऊन गवात-पानी बघून येत्यात, मागनं आमी." दादांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू त्यांना बढतीच मिळाली होती. सैन्य वैरणीपाशी जात होतं! लाखभर घोड्यांचं सैन्य, आणि त्याला सामानाची रांगच नाही! त्या रात्री आम्ही वहीतला पेंढ्यांचा हिशेब आडवी रेघ मारून खोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घडलं. वाड्यातली पुरुष माणसं वरकुट्याकडं पुढचं रान बघायला गेली होती. ठकुबाई एकटी मेंढरांना पाटावर पाणी पाजून इंदापूर रस्त्याच्या कडेनं परत आणत होती. दादा पहिली पाळी करून नुकते रानात येऊन पोचले होते, आई टोमॅटोत काठ्या सरळ करत होती आणि मी बांधावर पुस्तक घेऊन बसले होते. त्याच रस्त्यानं उसानं भरलेली ट्रॉली चालली होती. तिचं टायर फुटलं. तोफच उडाली असं वाटलं. मेंढरं एकदम उधळली, ठकुबाईच्या अंगावरून गेली आणि रस्त्याच्या कडेच्या नामदेवतात्यांच्या रानात घुसली. तात्या आमचे शेजारी. त्यांची ज्वारी निघून गेली होती आणि धाटांना दिलेल्या पाण्यावर फुटवा आला होता, हातभर उंच, हिरवागार, लुसलुशीत. ठकुबाईची किंकाळी मला अजून ऐकू येते. "आरं किराळ लागंल रं! मेली माजी मेंढरं!"

ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं. त्याला किराळ म्हणतात, आणि पाण्याचा ताण बसला की ते जास्तच चढतं. जनावरानं पोटभर खाल्लं की ते फुगतं, तोंडाला फेस येतो आणि तासाभरात आडवं होतं. तात्या धावत आले तेही तेच ओरडत, "आठ दिसांपास्नं पानी न्हाय त्येला, निसतं इख हाय ती! भाईर काडा!" ज्वारीच्या उत्तरेला पाट दुथडी वाहत होता, दक्षिणेला ट्रॉल्यांचा रस्ता, पूर्वेला उभा ऊस, ज्यात मेंढरं गेली तर संध्याकाळपर्यंत सापडली नसती, आणि पश्चिमेला आईचे टोमॅटो. ऊसतोडीची टोळी त्याच उसाच्या कडेला काम करत होती, वीसेक बायामाणसं. ती कोयते परजत, आरडाओरडा करत चारी बाजूंनी धावली, आणि मेंढरं जास्तच सैरावैरा.

आणि मला काय झालं कुणास ठाऊक. मी एक खोकं उलटं टाकलं, त्यावर चढले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "कुणी बोलू नका! कोयते खाली ठेवा!" सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझं डोकं लख्ख चाललं होतं. पुस्तकात मंगोलांच्या मोठ्या शिकारीचं प्रकरण होतं. हिवाळ्यात सगळं सैन्य मैलोगणती लांब कडं करायचं आणि दिवसेंदिवस ते आवळत आणायचं. आवाज नाही, घाई नाही, फक्त निशाणांच्या खुणा. कड्यातून एक ससा निसटला तरी त्या जागेच्या माणसाला शिक्षा. हाच त्यांचा युद्धाचा सराव. मी टोळीच्या मुकादमाला म्हणाले, "तुमची दहा माणसं उसाच्या कडंला, दहा रस्त्याच्या कडंला. प्रत्येक दहात एकानं फक्त माझ्याकडं बघायचं, बाकीच्यांनी त्याच्याकडं. टॉवेल वर केला की थांबायचं, खाली केला की एक पाऊल." मुकादम हसायला लागला, पण दादा गरजले, "ती म्हनती तसं करा!" आणि खांद्यावरचा पांढरा टॉवेल त्यांनी माझ्या हातात दिला. उत्तरेला पाट हाच आमचा तिसरा पहारेकरी होता. पश्चिमेला आई उभी होती, हातात काठी, पाठीशी टोमॅटो. तिथून एकही मेंढरू आत जाणार नव्हतं, हे सांगायची गरज नव्हती.

टॉवेल खाली. एक पाऊल. टॉवेल वर. थांबा. बाई गं, काय ते दृश्य होतं! वीस माणसं, एक शब्द नाही, मी हात हलवला की सगळी हलतात. त्याआधी आणि त्यानंतर वीस माणसांनी एका वेळी माझं ऐकल्याचं मला आठवत नाही, आणि पुढं मी जमिनीच्या मोजणी खात्यात उभं आयुष्य काढलं आहे. उधळलेली मेंढरं कडेकडेनं फिरली, माणसं बघून मागं वळली, मध्ये गोळा झाली. कडं पूर्ण झालं. एकही निसटलं नाही. मी दादांकडं पाहिलं, त्यांचे डोळे लकाकत होते. आणि मग मेंढरं शांत झाली. आजूबाजूला आवाज नाही, गोंधळ नाही, पायाखाली हिरवागार फुटवा. एकीनं मान खाली घातली. मग दुसरीनं. मग तीनशेच्या तीनशे मेंढरांनी माना खाली घातल्या आणि माझ्या निर्दोष वेढ्याच्या मध्ये उभी राहून ती निवांतपणे विष खाऊ लागली.

"आगं पोरी, कोंडलीस की त्यांला!" ठकुबाई छाती बडवत ओरडली. "वाट दी! कुठनं बी दी, पर वाट दी!"

वाट! पुस्तकात तेही होतं, मीच चिंचोक्यांनी दहा वेळा खेळले होते. नदीकाठच्या एका लढाईत मंगोलांनी शत्रूला तीन बाजूंनी घेरलं आणि चौथी मुद्दाम मोकळी सोडली. कोंडलेला माणूस जागेवर चिवटपणे उभा राहतो, वाट दिसली की आपोआप निघतो. मला लढाईचं पान हवं होतं आणि मी शिकारीचं पान उघडून बसले होते. मी टॉवेल धरून चारी बाजूंना पाहिलं. पाट? बुडतील. रस्ता? ट्रॉल्या. ऊस? गेली ती गेली. उरली एकच बाजू, पश्चिमेची. टोमॅटोतून सरळ गेलं की पलीकडं आमचं पड रान, वाड्याचा तळ, मेंढरांची ओळखीची जागा. तिथं आई उभी होती. तिच्यामागं तारांवर बांधलेल्या त्या सरळ ओळी, लाल, उद्या सकाळच्या तोड्याच्या. मला तो टॉवेल हलवता येईना. मी दादांकडं पाहिलं. दादाही तिकडंच बघत होते. खोटं कशाला बोलू, मी मेंढरांचा विचार करत नव्हते. मी आईला हे कोणत्या तोंडानं सांगू, एवढाच विचार करत होते.

कडेची एक मेंढी गुडघ्यावर बसली आणि आडवी झाली. आईनं तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी खोक्यावर टॉवेल घेऊन उभी. मी हुकूम दिला नाही, आणि तिनं माझ्या हुकमाची वाट पाहिली नाही. तिनं काठी टाकली, कमरेचा विळा काढला आणि मागं वळून पहिल्या ओळीची सुतळी सपकन कापली. मग दुसरीची. तारा, काठ्या आडव्या राहिल्या असत्या तर मेंढरं त्यात अडकून मेली असती, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. ती एकेक ओळ कापत, काठ्या उपटून बाजूला फेकत आत आत चालली. फळांनी लगडलेली झाडं तिच्यामागं दोन्हीकडं पडत होती. टोळीतल्या दोन बाया न सांगता कोयते घेऊन धावल्या आणि तिच्याबरोबर तारा तोडू लागल्या. गाडी जाईल एवढी वाट पडली. आई कडेला सरकली आणि ओरडली, "सोड गं बाय, ठके, सोड त्यांला!"

ठकुबाई त्या वाटेत शिरली, जिभेनं एक विचित्र आवाज काढला आणि मेंढरांकडं पाठ करून पळत सुटली. म्होरकी मेंढी मान वर करून तिच्याकडं बघत राहिली, आणि निघाली तिच्यामागं. मग सगळा कळप, मोकळ्या वाटेकडं पाणी जावं तसा. माझ्या शेजारी दादा बेभान होऊन ओरडले, "सुजे, बघ! खोटी माघार! पळती कशी बघ, आन मागनं सगळी!" मीही ओरडत होते. दोघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आम्ही नाचत होतो, मंगोल सैन्याचे दोन वेडे सेनापती, आणि बाराशे खूर आईच्या टोमॅटोतून चालले होते. वाट गाडीएवढी होती, पण मेंढरं काही ओळीनं चालत नाहीत. धूळ खाली बसली तेव्हा वीस गुंठ्यांत जेमतेम बांधाकडच्या चार ओळी उभ्या होत्या. बाकी सगळं लाल चिखल.

दोन मेंढ्या मेल्या. सात-आठ फुगल्या होत्या, त्यांना घरातला सगळा गूळ पाण्यात कालवून ठकुबाईनं पाजला. तासाभरानं त्या उठून उभ्या राहिल्या. टोळी परत उसाकडं गेली, जाताना मुकादमानं मला सलाम ठोकला आणि मला त्याच्याकडं बघवलं नाही. माझा सगळा जोश कुठल्या कुठं गेला होता. आई चिखलात उकिडवी बसून न फुटलेली फळं वेचून ओच्यात घालत होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "आई, माझं चुकलं. मी आधीच वाट सोडायला पायजे व्हती, रस्ता अडवून तिकडनं..." ती मान वर न करता म्हणाली, "न्हाय. वाट हीच व्हती. मला बी पयल्यापास्नं दिसत व्हती." आणि मग जरा थांबून, "मला वाटत व्हतं, तू सांगशील. मंग म्हनलं, ह्या पोरीला सांगायला नगं लावाया." मी तिथंच चिखलात तिच्याशेजारी बसले आणि हुंदके देऊन रडले. तिनं मला रडू दिलं, हात मात्र चालूच ठेवला.

ठकुबाई आली. ती आईच्या पाया पडायला वाकली तशी आईनं तिचे दोन्ही हात धरले. "पाया-बिया पडू नगं बाई. आमच्यात न्हाय ती." ठकुबाई रानाकडं बघत म्हणाली, "वैनी, तुमचं सगळं गेलं की वं." आईनं ओच्यातले टोमॅटो खोक्यात सोडले आणि उभं राहून, कमरेवर हात ठेवून, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत आपलं रान पाहून घेतलं.

"ठके," ती म्हणाली, "आज मेंढरं पडात ठिवू नगंस. हितंच बसव. रान मोकळंच जालंय तर लेंडी तरी पडू दी."